वियोगकाळी श्रीनागदेवाचार्य

भगवान श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे बिजे केले, तो काळ सामान्यतः शके ११९६, म्हणजे इ. स. १२७४ च्या सुमाराचा मानला जातो. चरित्रकार स्वामींच्या चरित्राचा ओघ येथे थांबवितात. श्रीनागदेवाचार्यांचे चरित्र मात्र, आमच्या मते, खऱ्या अर्थाने येथूनच आरंभते. ज्या आचार्यांना आपण मार्गाचे पहिले आचार्य म्हणून वंदन करतो, ते आचार्य सन्निधानकाळी घडले हे खरे. पण त्यांची पारख झाली ती असन्निधानकाळी.

भटोबासांचा पूर्ववृत्तांत वाचकांना परिचित आहे. आबाइसा ही त्यांची माता, उमाइसा ही भगिनी आणि महदाइसा ही चुलत भगिनी. महदाइसा प्रथम रामदेव दादोसांच्या परिवारात होत्या आणि पुढे स्वामींच्या दर्शनास आल्या. हळूहळू हे सारे घरच स्वामींच्या चरणांशी आले. त्या दिवसांचे सुख कोणत्या प्रकारचे होते, हे लीळाचरित्र वाचणाऱ्यास निराळे सांगावयास नको. मनात शंका उठावी आणि ती विचारण्यास देव समोर बसलेले असावेत! महदाइसांनी विचारावे, स्वामींनी निरूपण करावे, इतरांनी ऐकावे. भिक्षेहून परतलेल्या भक्ताने झोळी दाखवावी आणि त्या अन्नावर देवाची दृष्टी पडावी. या सुखाला सन्निधान हे नाव आहे. ते परमेश्वराच्या प्रवृत्तीने मिळते आणि त्याच्याच प्रवृत्तीने आच्छादले जाते; जीवाची त्यावर सत्ता चालत नाही, ही गोष्ट सुखाच्या भरात कोणाच्या ध्यानी येत नाही.

ती ध्यानी आली तेव्हा भटोबासांची काय अवस्था झाली असेल! स्मृतिस्थळकारांनी आचार्यांचे दुःख झाकून ठेवलेले नाही, याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे. पुष्कळदा आपण थोर पुरुषांची चरित्रे सांगताना त्यांना दुःख शिवलेच नाही असे दाखवू पाहतो. आपल्या शास्त्राला हे मान्य नाही. असन्निधानी देवाच्या वियोगाचे दुःख करणे हा दुबळेपणा मानलेला नसून ते साधकाचे कर्तव्य मानलेले आहे. ज्याला वियोग बोचत नाही, त्याला संयोगाची किंमत कळली होती असे कसे म्हणावे? तेव्हा भटोबासांच्या शोकाचा विचार करताना त्यांच्या धैर्यात उणेपणा शोधू नये.

जाण्यापूर्वी स्वामींनी भक्तजनांस श्रीप्रभूंच्या सन्निधानी राहण्याची आज्ञा केली होती. त्या आज्ञेस अनुसरून भटोबास ऋद्धिपुरास आले आणि पुढील बारा-चौदा वर्षे तेथेच राहिले. वरवर पाहता हा बदल सुखाचा वाटतो. एका सन्निधानातून निघाले आणि दुसऱ्या सन्निधानात आले. वस्तुतः ही मोठी कसोटी होती. स्वामींचे सन्निधान निरूपणाचे, दृष्टांतांचे, प्रश्नोत्तरांचे होते. श्रीगोविंदप्रभूंचा आचार त्याहून सर्वस्वी निराळा. ते हसत, रुसत, लहान मुलासारखे खेळत, कोणाच्याही घरी शिरून अन्न मागत, क्वचित रागे भरत. बाहेरचे लोक त्यांना वेडे म्हणत; आणि त्याच वेळी ऋद्धिपुरातील गोरगरीब त्यांना मायबाप मानीत. शास्त्राची उकल ऐकण्याची सवय लागलेल्या श्रोत्याने अशा देवापाशी काय मागावे? देव तोच आहे, पण पूर्वीच्या रीतीने बोलत नाही. आपल्यालाही आयुष्यात असे प्रसंग येतात. पूर्वी ज्या वाटेने समाधान येत असे ती वाट बुजते, आणि नवी वाट उघडली आहे हे आपल्याला दीर्घकाळ दिसत नाही, कारण डोळे जुन्या वाटेवर खिळलेले असतात. भटोबासांनी श्रीप्रभूंच्या ठायी स्वामींची प्रतिकृती धुंडाळली नाही. सेवा केली, भिक्षा केली, आणि देव जसे होते तसे त्यांना पाहिले.

याच वर्षांत ऋद्धिपुरी दोन गोष्टी घडल्या. एक आनंदाची. श्रीप्रभूंच्या विवाहाचा खेळ मांडला गेला आणि त्या निमित्ताने महदाइसांनी धवळे गाइले. आद्य मराठी कवयित्रीचे हे गीत स्वामींच्या वियोगानंतरच्या काळात जन्मले, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. एक विरह अंतरात जागा असताना दुसऱ्या सन्निधानाच्या अंगणात लग्नाची गाणी गाणे सोपे नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक दूरगामी. सराळ्याचे म्हाइंभट हे एकेकाळी आपल्या विद्येच्या अभिमानाने स्वामींशी वाद घालण्यास आले होते आणि निरुत्तर होऊन शरण गेले होते. भटोबास स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत असतात हे त्यांनी पाहिले, आणि या लीळा लिहून ठेवाव्यात असे त्यांच्या मनाने घेतले. वाजेश्वरीच्या देवळात दोघे बसत. भटोबासांनी आठवावे, म्हाइंभटांनी ऐकावे. पुढे म्हाइंभटांनी ज्या ज्या भक्ताच्या समोर जी लीळा घडली, त्या त्या भक्ताकडे जाऊन ती त्याच्या मुखाने मिळविली. जेथे नक्की माहिती मिळाली नाही तेथे कल्पनेने भर घालण्याऐवजी शोधु असा शब्द घालून जागा मोकळी ठेवण्याची रीत लीळाचरित्राच्या पोथ्यांत आढळते. देवाच्या चरित्रात आपल्या पदरचे काही मिसळू नये, ही त्यामागील भीती. ज्याला ठाऊक नसलेली जागा तशीच राखता येते, त्यालाच वाट पाहता येते.

लीळाचरित्र हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ म्हणून पाठ्यपुस्तकांतून गौरविला जातो. तो गौरव योग्यच आहे. पण तो ग्रंथ वाङ्मयनिर्मितीच्या हेतूने सिद्ध झाला नाही. नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण हाच असन्निधानी भक्ताचा आधार. त्या आधाराची सामग्री विस्मृतीत जाऊ नये, इतकाच त्यामागील हेतू होता.

श्रीप्रभूंचे अवसान इ. स. १२८५ ते १२८८ या अवधीत झाले; नेमक्या वर्षाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. भटोबासांवर वियोगाचा हा दुसरा आघात. पहिल्या वियोगात जाण्यास एक ठिकाण होते, आज्ञा होती. आता परमेश्वरपूरही रिते झाले. या वेळी भटोबास गंगातीरी परतले आणि निंबे येथे राहू लागले. आचार्यांच्या चरित्रातील हा शेवटचा आणि सर्वांत कठीण टप्पा. समुदाय वाढत होता. विद्वान येत होते, विरक्त येत होते, आणि त्या सर्वांच्या दृष्टीने आता भटोबासच वडील होते. अशा वेळी आपणच देवाच्या जागी बसण्याचा मोह किती जणांना आवरला आहे? भटोबास आचार्य झाले. त्याहून अधिक काही झाले नाहीत. अटन, विजन, भिक्षा आणि स्मरण हा स्वामींनी नेमून दिलेला आचार त्यांनी स्वतः आचरला आणि इतरांकडून आचरविला.

केसोबास आणि दामोदर पंडित यांची कथा येथे सांगितली पाहिजे. दोघेही संस्कृतचे जाणते. केसोबासांनी संस्कृतात ग्रंथरचना आरंभिली असता भटोबासांनी त्यांना निवारले. आपल्या समुदायातील वृद्ध स्त्रिया त्या भाषेमुळे नागवल्या जातील, असे त्यांचे म्हणणे होते. शास्त्राचे प्रश्नही त्यांनी मराठीतच विचारावयास लावले, कारण स्वामींनी आपल्याला जे दिले ते मराठीत दिले. हा प्रसंग भाषाभिमानाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. आम्हाला त्यात त्याहून मोठी गोष्ट दिसते. देव समोर असताना वृद्ध निरक्षर स्त्रीलाही त्यांचे दर्शन होते, शब्द होता. देव दृष्टीआड झाल्यावर तिच्यापाशी केवळ आठवण उरली. ती आठवण तिला न कळणाऱ्या भाषेत बंद केली, तर तिचा वियोग दुणावणार. आचार्यांना ते सहन होणारे नव्हते. त्याच केसोबासांनी पुढे लीळांतून स्वामींची वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला, दृष्टांतपाठ सिद्ध केला. दोन्ही स्वामींच्या भाषेत.

बाहेरचा काळही पालटत होता. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला आणि रामदेवरावाच्या राज्याचा पाया हादरला. ज्या राज्यात लोकांनी पिढ्यानुपिढ्या स्थैर्य पाहिले होते, ते असे एकाएकी डळमळले. झोळी आणि स्मरण एवढाच संग्रह असलेल्या भिक्षूंजवळ लुटून नेण्यासारखे काही नव्हते. तरी गावे ओस पडली म्हणजे भिक्षाही दुर्मिळ होते, हे विसरता येत नाही.

इ. स. १३०२ हे आचार्यांच्या देहावसानाचे वर्ष सामान्यतः दिले जाते. त्यांच्या मागून बाइदेवबास आणि नंतर शिशुपालवधाचे कर्ते कवीश्वर भास्करभट्ट यांनी आचार्यपद सांभाळले. शिष्यांनी भटोबासांविषयीच्या आठवणीही तशाच एकत्र केल्या, जशा भटोबासांनी स्वामींच्या लीळा आठवून म्हाइंभटांना सांगितल्या होत्या. स्मृतिस्थळ हा ग्रंथ त्यातून उभा राहिला. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या, त्यांच्या आठवणींवरून ग्रंथ पुन्हा जुळविण्यात आला. त्या पाठांपैकी एक आजही हिराइसेच्या नावाने ओळखला जातो.