देवेंद्र लाल : समुद्राचे घड्याळ शोधणारा शास्त्रज्ञ

वणीजवळच्या सप्तशृंगगडाचा काळा कातळ दख्खनच्या लाव्हापासून बनलेला आहे. पावसाचे पाणी हा कातळ अतिशय हळू झिजवते आणि त्यातले सिलिकॉन सोबत नेते. वणीच्या बाजूला उतरणारे पाणी गोदावरीच्या खोऱ्यातून शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. तिथे डायाटम ही सूक्ष्म शैवाले सिलिकॉन घेऊन आपली काचेसारखी कवचे तयार करतात. शैवाल मेले की कवच खोल बुडते, विरघळते आणि खालचे पाणी वर आले की तेच सिलिकॉन पुन्हा वापरले जाते. पण या फेऱ्याला वेळ किती लागतो? तो मोजण्याची वाट दाखवणाऱ्यांत डॉ. देवेंद्र लाल अग्रणी होते.

लाल यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९२९ रोजी वाराणसीत झाला. बनारस हिंदू विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन १९४९ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. तिथे बर्नार्ड पीटर्स यांच्या हाताखाली ते विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. हे किरण हवेतल्या अणूंवर आदळले की नवे किरणोत्सारी समस्थानिक तयार होतात. समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे, पण वेगवेगळ्या वजनाचे अणू. ते पावसाबरोबर खाली येतात. पीटर्स, लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात पावसाच्या पाण्यातून असे समस्थानिक वेगळे केले.

हवेतल्या आर्गॉनपासून बनणारे सिलिकॉन-३२ समुद्रासाठी उपयोगी होते, पण ते इतके विरळ की मोजण्यासाठी प्रचंड पाणी लागे. लाल यांनी ते काम स्पंज या सागरी प्राण्यांकडून करून घेतले. काही स्पंज पाण्यातले सिलिकॉन आपल्या सांगाड्यात साठवतात. एडवर्ड गोल्डबर्ग आणि मिनोरू कोइडे यांच्यासह लाल यांनी १९६० मध्ये अशा स्पंजांत सिलिकॉन-३२ सापडल्याचे दाखवले. पुढे लोहाच्या हायड्रॉक्साइडचा लेप दिलेले स्पंज आणि कृत्रिम धागे समुद्रातच ठेवून सिलिकॉन गोळा करण्याची पद्धतही त्यांनी सहकाऱ्यांसह विकसित केली.

मात्र या घड्याळात एक अडचण निघाली. सिलिकॉन-३२ चे अर्धायुष्य आधी सुमारे ७०० वर्षे मानले जात होते. नंतरच्या मोजण्यांत ते १५० वर्षांच्या आसपास आले. अर्धायुष्य चुकले की त्यावरून काढलेले वयही चुकते, त्यामुळे जुने हिशेब पुन्हा तपासावे लागले.

१९७२ ते १९८३ या काळात लाल अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. १९७९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९८८ मध्ये त्यांनी टायफून ली यांच्यासह फॉस्फरसच्या दोन समस्थानिकांचा उपयोग दाखवला. एकाचे अर्धायुष्य सुमारे १४ दिवस, दुसऱ्याचे २५ दिवस. पावसातून आल्यानंतर पहिला लवकर घटतो, म्हणून दोघांच्या प्रमाणावरून समुद्राच्या वरच्या थरात फॉस्फरस किती वेगाने फिरतो ते कळते. हा फॉस्फरस सागरी वनस्पतींचे, पर्यायाने माशांचेही पोषण करतो.

१९९१ मध्ये त्यांनी खडकातच तयार होणाऱ्या समस्थानिकांवरून खडकाची झीज मोजण्याचे गणित मांडले. समुद्रात पोचणारे सिलिकॉन अशाच झिजेतून सुटते. १ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेत सॅन डिएगो येथे लाल यांचे निधन झाले.