सरखेल कान्होजी आंग्रे आणि वेगाचे गणित

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भिलाईला घरी गेलो होतो. माझे बाबा स्टील प्लांटमध्ये नोकरीला आहेत. एका रविवारी ते मला बालोदजवळच्या तांदुला धरणावर घेऊन गेले. याच धरणाचे पाणी आमच्या प्लांटला येते. तिथे त्यांच्या ओळखीचे एक मच्छीमार आहेत. छत्तीसगढीत काकांना कका म्हणतात, म्हणून मीही त्यांना कका म्हणतो. त्यांच्या होडीला मागे छोटी आउटबोर्ड मोटर आहे. होडी फार हळू चालते, काठावर पोहोचेपर्यंत ऊन चढते आणि व्यापारी मासळीचा भाव पाडतो, असे ते सांगत होते. मोठ्या मोटरसाठी ते कर्ज काढणार होते. मीही मोठ्या माणसासारखा सल्ला दिला, की मोठीच मोटर घ्या.

त्याच सुट्टीत मी कान्होजी आंग्रे यांचे चरित्र वाचले. ते वाचून झाल्यावर मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली. का, ते समजण्यासाठी आधी कान्होजींची गोष्ट सांगतो.

कान्होजींचा जन्म 1669 च्या सुमारास झाला. त्यांचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. कान्होजींचे लहानपण हर्णैच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. कोळी आणि भंडारी खलाशांकडून ते समुद्र शिकले. भरती-ओहोटी, वारा, खडक, खाड्यांची तोंडे, हाच त्यांचा अभ्यासक्रम होता. 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि स्वराज्यावर मोठे संकट आले. किनाऱ्यावर जंजिऱ्याचा सिद्दी चालून येत होता. त्या पडत्या काळात कान्होजींनी किनाऱ्यावरचे किल्ले राखले. 1698 मध्ये सिधोजी गुजर यांच्यानंतर ते सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख झाले. कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग ही त्यांची मोठी ठाणी होती.

या समुद्रात फिरायचे तर आमचा परवाना घ्या, असे कान्होजींचे म्हणणे होते. त्या परवान्याला दस्तक म्हणत. इंग्रजांना ते मान्य नव्हते, म्हणून ते त्यांना चाचा म्हणू लागले. पण आपल्या किनाऱ्यावर जकात घेणे हे राज्याचे काम असते, आणि कान्होजी मराठा राज्याचे सरखेल होते. शाहू महाराज आणि ताराराणी यांच्या वादात ते आधी ताराराणींच्या बाजूला होते. 1714 मध्ये बाळाजी विश्वनाथ यांनी बोलणी करून त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणले. त्यांचे सरखेलपद कायम राहिले.

आता मुख्य प्रश्न. इंग्रजांची जहाजे मोठी, त्यांच्यावरच्या तोफा जास्त. मग कान्होजी त्यांना कसे पुरून उरले?

आंग्र्यांच्या आरमारात मुख्यतः दोन प्रकारची जहाजे असत, गुराब आणि गलबत. गुराब मोठी. तिला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत, पण तिचा तळ उथळ असल्यामुळे ती कमी पाण्यातही चाले. तिच्या पुढच्या टोकाला समोर मारा करणाऱ्या तोफा असत. गलबत लहान. त्याला शीड तर असेच, शिवाय चाळीस-पन्नास वल्ही असत. पुष्कळ गलबतांवर जाड फळ्यांऐवजी फाडलेल्या बांबूंचा पाटा घालत, कारण वजन कमी राहावे. वल्ह्यांवर गलबत ताशी चार मैल जाई. म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. भरभर चालणारा कॅडेटही जवळजवळ इतकाच वेग गाठतो!

हा आकडा वाचून मी थांबलो. एवढ्या वेगाला कोण घाबरणार? पण पुढे उत्तर मिळाले. वारा पडला की शत्रूचे जड जहाज जागच्या जागी उभे राही. त्याचा वेग शून्य. तेव्हा गलबते वल्ही मारत निघत आणि दोर बांधून गुराबांनाही ओढून आणत. ती जहाजाच्या मागच्या बाजूला जमत, कारण मोठ्या जहाजाच्या तोफा बहुतेक दोन्ही कुशींना असतात. गुराबा आधी डोलकाठ्यांवर मारा करत. जहाज लंगडे झाले की गलबतांतली माणसे तलवारी घेऊन वर चढत.

हलक्या जहाजांचा तोटाही होता. भर समुद्रात, चांगल्या वाऱ्यात, मोठ्या जहाजाच्या कुशीच्या तोफांपुढे ती टिकली नसती. म्हणून किल्ल्यांच्या आणि खाड्यांच्या जवळ राहून ती लढत. वेळ आणि जागा निवडणे हाही वेगाचाच भाग होता.

इंग्रजांनी 1717 मध्ये विजयदुर्गावर हल्ला केला, तो फसला. 1718 मध्ये खांदेरीवरचाही फसला. 1720 मध्ये त्यांनी फ्राम नावाचा जड तरंगता तोफखाना बांधून विजयदुर्गासमोर आणला, पण किल्ला पडला नाही. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले. त्यांच्याबरोबर इंग्लंडच्या राजाच्या आरमारातली जहाजेही होती. त्या वेळी पेशव्यांची फौज जमिनीवरून मदतीला धावली आणि तीही मोहीम फसली. एकट्या आरमाराने सगळे जिंकले असे नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

4 जुलै 1729 रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबागला आहे. 1951 मध्ये मुंबईच्या नौदल तळाला आय.एन.एस. आंग्रे हे नाव देण्यात आले. ज्यांना परके चाचा म्हणत, त्यांचे नाव आज आपले नौदल अभिमानाने लावते.

पुस्तक संपल्यावर मी बाबांबरोबर पुन्हा धरणावर गेलो. मोठी मोटर घ्या, असे मी घाईने म्हणालो होतो, ते ककांजवळ कबूल केले. मग आम्ही होडी काठावर ओढून रिकामी केली. फळ्यांखाली साचलेले पाणी डब्याने उपसले. ते पंचेचाळीस लिटर भरले, म्हणजे जवळजवळ माझ्याच वजनाचा एक माणूस रोज फुकट फिरत होता! तळाचे शेवाळ खरवडले. पेट्रोलचा कॅन आणि ओली जाळी मोटरजवळ असायची. त्यामुळे मागची बाजू दबून पुढचे टोक वर उठायचे आणि होडी पाणी ढकलत चालायची. ते सामान मध्यभागी आणले. मोटरच्या पंख्यात अडकलेली नायलॉनची दोरी ककांनी स्वतः कापून काढली.

पूर्वी लांबच्या जाळ्यांपासून काठावर यायला चाळीस मिनिटे लागत. त्या दिवशी एकतीस लागली. मोटर तीच होती. ककांनी घड्याळ दोनदा पाहिले आणि यंदा कर्ज नको, असे बाबांना सांगितले. पुढे कदाचित मोठी मोटर लागेलही. पण आधी आपल्या होडीत काय काय उगाच भरले आहे ते बघावे, हे मी कान्होजींकडून शिकलो. सुट्टी संपवून शाळेत परत येताना मी माझी ट्रंकही तशीच तपासली. ती बरीच हलकी झाली.