उत्तर मुंबईची निवडणूक आणि बाबासाहेब



महाडचं पाणी, पुणे करार, घटना आणि नागपूरची दीक्षा हे आपल्या पोराबाळांनाही तोंडपाठ आहे. पण बाबासाहेब निवडणुकीला कुठे उभे राहिले, कुठे जिंकले आणि का हरले, असं विचारलं तर मोठी माणसंही गप्प बसतात. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत आम्ही परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातला तेवढाच भाग मांडत आहोत.

१९२७ पासून बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात बसत होते, पण ती सरकारची नेमणूक होती. लोकांच्या मतांवर ते पहिल्यांदा निवडून आले ते १९३७ साली. त्याआधी १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. मतदारसंघ होता भायखळा-परळ, म्हणजे आपल्या गिरण्यांचा आणि चाळींचा मुलूख. काँग्रेसने त्यांच्यासमोर नामांकित क्रिकेटवीर पाळवणकर बाळू यांना उभं केलं. तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं. मिळकत किंवा शिक्षण असेल त्यालाच ते होतं. तरीही बाबासाहेब जिंकले. त्या वेळी मुंबई इलाख्यात आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला द्यायची मुभा होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

निवडून आल्यावर त्यांनी खोती मोडण्याचं बिल आणलं. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध त्यांनी संप पुकारला, तेव्हा कम्युनिस्ट पुढारी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. आम्हा गिरणी कामगारांना याचा अभिमान आहे. पण त्याच गिरण्यांत तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून आपल्या माणसाला साच्यावर, कापड खात्यात, घेत नसत. लाल बावटा एक असला तरी पाण्याचं मडकं वेगळं होतं. बाबासाहेब हे तोंडावर बोलत. दुरावा तिथूनच होता.

१९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा धुव्वा उडाला. तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने बाबासाहेब बंगालमधून घटना समितीत गेले. फाळणीत ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले. घटना तयार झाली. पुढे हिंदू कोड बिल रखडलं म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं आणि ते थेट लोकांसमोर आले.

जानेवारी १९५२. देशाची पहिली लोकसभा निवडणूक. मतदारसंघ मुंबई शहर उत्तर. इथून दोन खासदार जायचे, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येकाला दोन मतं, पण ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची. एकालाच दोन्ही दिली तर दुसरं बाद. फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती. राखीव जागेवर बाबासाहेब, निशाणी हत्ती. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. काँग्रेसचे विठ्ठल गांधी आणि नारायण काजरोळकर. कम्युनिस्टांचे कॉम्रेड डांगे.

निकाल लागला. काजरोळकर १,३८,१३७, बाबासाहेब १,२३,५७६. घटनेचा शिल्पकार १४,५६१ मतांनी पडला!

डांग्यांच्या लोकांनी मतं कुजवायला सांगितली, म्हणून हे झालं, असं आपण ऐकत आलो. हजारो मतं बाद झाली हे खरं. बाबासाहेब आणि मेहता दोघांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला, तो फेटाळला गेला. पण आम्ही दुसराही एक आकडा मांडतो. मेहतांना बाबासाहेबांपेक्षा सुमारे १६ हजार मतं जास्त पडली. म्हणजे एवढ्या लोकांनी तरी युतीच्या मेहतांना मत दिलं, आणि बाबासाहेबांना दिलं नाही. पडले ते साडेचौदा हजारांनी! हात मिळवला होता, मन मिळालं नव्हतं. कुजवलेल्या मतांबरोबर हेही पोरांना सांगा.

त्याच वेळी सोलापुरातून आपले पां. ना. राजभोज निवडून आले. बाबासाहेब राज्यसभेवर गेले. मे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले. दुसरं मत कोणालाच देऊ नये, असं काही कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं. बाबासाहेबांनी ते मानलं नाही, असं जुने लोक सांगत. ज्याने मताचा हक्क लिहिला तो मत वाया घालवायला कसा सांगणार? मेहता तिथे जिंकले, बाबासाहेब पडले. लोकसभेत ते कधीच पोचले नाहीत.

६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. मुंबई शहर उत्तर हा मतदारसंघही १९५७ ला दोन जागांचा राहिला नव्हता. मुंबई शहर मध्य असा नवा दोन जागांचा मतदारसंघ झाला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत तिथून सर्वसाधारण जागेवर कॉम्रेड डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ माने दोघे जिंकले. नाशकातून दादासाहेब गायकवाड गेले. पाच वर्षांपूर्वी जे जमलं नाही ते जमलं, पण पाहायला बाबासाहेब नव्हते. १९६१ च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघच बंद झाले.

बाबासाहेब हरले म्हणून लहान झाले नाहीत. पण मत म्हणजे काय हे त्यांनी हरूनही शिकवलं. आपलं मत कुजू देऊ नका, विकू तर मुळीच नका. युती करताना समोरचा आपल्या माणसाला मत देणार का, हे आधी विचारा. घराघरात हा इतिहास वाचला जावा, एवढीच विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!