दगडाचा केसपेपर

दगड घेऊन येणारे रुग्ण आम्हा डॉक्टरांना नवे नाहीत. बहुतेकांचा दगड मूत्रपिंडात असतो. माळेगाव बुद्रुकच्या एका आजोबांनी मात्र तपासणी झाल्यावर पिशवीतून खराखुरा दगड काढला. विहीर खोदताना निघालेला, बाहेरून काळा, आत पांढऱ्या सुयांनी भरलेला. घरात कोणी त्याला हाड म्हणत होते, कोणी देव्हाऱ्यात ठेवा म्हणत होते, तर शेजाऱ्यांनी तो उगाळून गुडघ्याला लावायला सांगितले होते. त्यांना उत्तर देताना मला स्टीफन हिस्लॉप आठवले.

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आपण ऐकून असतो. ज्यांच्या नावाचे ते आहे, तो माणूस फारसा कोणाला ठाऊक नसतो. हिस्लॉप यांचा जन्म १८१७ चा, स्कॉटलंडमधील डन्स गावचा. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपुरात आले. तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी शाळा चालवली, गोंड समाजाची भाषा आणि चालीरीती टिपून ठेवल्या. भूशास्त्र हा त्यांचा पेशा नव्हता, पण वाटेतला दगड उचलून पाहण्याची सवय होती.

१८५१ मध्ये नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना दगडात गोड्या पाण्यातील शिंपले-गोगलगायींचे जीवाश्म मिळाले. लाव्हाच्या खडकात गोगलगाय कशी? उत्तर असे, की आपला दख्खनचा काळा पाषाण एका दमात तयार झालेला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचली, झाडे वाढली, प्राणी जगले आणि पुढच्या थराखाली गाडले गेले.

हिस्लॉप यांनी अंदाजाने नावे ठोकून दिली नाहीत. कोणता नमुना कुठे, कोणत्या थरात मिळाला हे लिहून ते जाणकारांकडे पाठवत. मांगली येथील उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये केले. मुंबईचे लष्करी डॉक्टर हेन्री कार्टर यांनी गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म प्राण्याला हिस्लॉपिया असे नाव दिले.

वरोऱ्याजवळच्या पिजदुरा येथील मोठी हाडेही हिस्लॉप यांनी उजेडात आणली. पुढे त्याच गावच्या डायनोसॉरच्या जीवाश्म विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडले. डायनोसॉरच्या काळात गवत होते, हे २००५ मध्ये त्यावरून सिद्ध झाले. साडेसहा कोटी वर्षांनी झालेली ही विष्ठेची तपासणीच!

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना, पुराच्या पाण्याने फुगलेला नाला ओलांडत असता हिस्लॉप बुडाले. वय ४६ सुद्धा पूर्ण नव्हते. त्यांच्या नोंदी मात्र टिकल्या आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी आदिवासींविषयीचे त्यांचे लेखन प्रसिद्ध केले.

आजोबांचा दगड हाड नव्हता. बारामती परिसरातील काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पाण्यातील क्षारांचे स्फटिक वाढतात. या सुया बहुधा झिओलाइट गटातल्या. घरी थोडे पाहता येते. चाकूने ओरखडा उठला नाही तर गारगोटी असू शकते. ओरखडा उठला आणि व्हिनेगरचा थेंब टाकताच बुडबुडे आले तर कॅल्साइट. भिंगाखाली जाळीदार छिद्रे दिसली तर हाडाची शंका घ्यावी. पक्के निदान मात्र तज्ज्ञांचेच. त्यासाठी भूशास्त्र शिकवणारे महाविद्यालय किंवा विद्यापीठाचा विभाग गाठावा.

डॉक्टर म्हणून तीन गोष्टी सांगतो. दगड उगाळून पोटात घेऊ नका, जखमेला लावू नका. हातोड्याने फोडू नका. उडालेली कपची बुबुळात जाते. सुईसारखे स्फटिक लहान मुलांच्या हाती देऊ नका.

आणि दगड उचलण्याआधी जागेचा फोटो काढा. गाव, गट नंबर, खोली आणि तारीख लिहून ठेवा. केसपेपर हरवलेल्या रुग्णासारखी जागा हरवलेल्या जीवाश्माची गत होते. आजोबांनी विहिरीची खोली माझ्याच टेबलावर चिठ्ठीवर लिहिली आणि ती दगडाभोवती गुंडाळली. गुडघ्यासाठी मी वेगळी चिठ्ठी दिली.