मोगलीच्या बाबांची गोष्ट

१९९३ साली दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. गुलजारांनी लिहिलेलं शीर्षकगीत, विशाल भारद्वाजांचं संगीत आणि शेरखानला आपल्या नाना पाटेकरांचा आवाज! मालिका मुळात जपानी आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं. मोगलीचा आम्हाला हेवाच वाटायचा. शाळा नाही, अभ्यास नाही, वेणीफणी नाही, नुसतं झाडावरून झाडावर हुंदडायचं.

मुलांबरोबर तेच भाग पुन्हा पाहिले, तेव्हा मात्र माझं लक्ष मोगलीपेक्षा त्याच्या लांडगीण आईकडे जास्त जात होतं. दुसऱ्याचं पोर पोटाशी धरणारी ही आई ज्या माणसाला सुचली, त्याचं स्वतःचं बालपण कसं गेलं असेल, या कुतूहलाने रुडयार्ड किपलिंगचं आयुष्य वाचून काढलं. ते वाचून बरेच दिवस अस्वस्थ होते.

किपलिंगचा जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५चा. वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. कला विद्यालयात शिकवायचे आणि घर त्याच आवारात होतं. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरची दगडातली शिल्पं या वडिलांचीच. आपल्या रत्नागिरीच्या हापूसच्या पेट्या वर्षानुवर्षं जिथे उतरल्या, तेच हे मार्केट. छोटा रुडयार्ड आयाचं बोट धरून फळबाजारात जायचा. आया ख्रिस्ती, ती वाटेतल्या क्रुसापुढे थांबायची. मीता नावाचा हिंदू नोकर त्याला देवळात न्यायचा. दुपारी निजवताना दोघं गोष्टी सांगायची, गाणी म्हणायची. पोर इतकं त्यांच्या बोलीत रमलेलं, की संध्याकाळी आईवडिलांसमोर जाताना, आता इंग्रजीत बोल हं, अशी त्याला आठवण करून द्यावी लागे.

हे सुख सहा वर्षंही टिकलं नाही. इथलं हवामान आणि रोगराई यांच्या भीतीने मुलांना मायदेशी ठेवायची तेव्हाच्या इंग्रज कुटुंबांत रीतच होती. १८७१ साली आईवडिलांनी रुडयार्डला आणि तीन वर्षांच्या बहिणीला इंग्लंडमध्ये साउथसी गावी एका परक्या घरी ठेवलं आणि मुलांना काहीही न सांगता दोघं परत मुंबईला आली. सांगितलं तर मुलं रडतील, म्हणून सांगितलं नसेल. पण सकाळी उठून आई दिसली नाही, तेव्हा त्या पोरांना काय वाटलं असेल!

त्या घरातल्या बाईने मुलाला पाच वर्षांहून जास्त काळ छळलं. मारहाण, कोंडून ठेवणं, सततची उलटतपासणी. एकदा तर ‘खोटारडा’ अशी पाटी पाठीवर लावून तिने त्याला शाळेत पाठवलं. डोळे अधू होत चालले होते, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. नाताळात तो मावशीकडे जायचा, तिथे त्याचे लाड व्हायचे. पण तिथेही तो एक अक्षर बोलला नाही. का बोलला नाहीस, असं मावशी पुढे विचारत राहायची. याचं उत्तर किपलिंगने म्हातारपणी आत्मचरित्रात दिलं. लहान मुलाला जे वाट्याला येतं, ते कायमचंच आहे असं वाटतं, त्यामुळे सांगायचं असतं हेच त्याला कळत नाही, असा त्याचा आशय आहे.

१८७७ साली आई आली. रात्री पापा घ्यायला ती अंथरुणाशी वाकली, तर अकरा वर्षांच्या मुलाने मार चुकवायला हात वर केला. हे वाचून माझ्या घशात आवंढा आला.

वयाच्या सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, १८८२ मध्ये, तो पुन्हा मुंबई बंदरात उतरला. ओळखीचे वास, ओळखीचे आवाज आले आणि तोंडून आपोआप इथल्या बोलीतली वाक्यं निघू लागली. अर्थ मात्र विसरलेला!

लाहोरला वर्तमानपत्रात काम, मग लेखक म्हणून नाव, लग्न. अमेरिकेत बर्फाने वेढलेल्या घरात १८९२च्या हिवाळ्यात, पहिलं मूल पोटात असताना, त्यांनी मोगलीची पहिली गोष्ट लिहिली. ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये आलं. लेक जोसेफिनला दिलेल्या प्रतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, की हे पुस्तक तिच्यासाठीच लिहिलेलं आहे. ती जेमतेम सहा वर्षांची झाली आणि १८९९ मध्ये न्यूमोनियाने गेली. तेव्हा किपलिंग स्वतःही त्याच दुखण्याने अंथरुणाला खिळले होते, त्यांना ही बातमी उशिरा सांगण्यात आली.

१९०७ साली त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. पण या माणसाची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. ते साम्राज्याचे कट्टर अभिमानी होते. जालियनवाला बागेत गोळीबार करणाऱ्या डायरसाठी निधी जमवला गेला, त्यात किपलिंगनीही वर्गणी दिली. ब्रह्मदेशावरच्या त्यांच्या गाजलेल्या कवितेत एका मुलीला सुपायालत राणीचं नाव आहे. ती कविता इंग्लंडमध्ये गाजत होती, तेव्हा खरी सुपायालत इथे, आपल्या रत्नागिरीत, थिबा राजाबरोबर कैदेत दिवस काढत होती.

आणि शेवटी मुलगा जॉन. पहिलं महायुद्ध सुरू झालं. डोळे अधू म्हणून सैन्याने त्याला नाकारलं. किपलिंगनी ओळख वापरून त्याला भरती करवलं. सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत तो गेला, अठरा वर्षं पूर्ण होऊन महिना-दीड महिनाच झाला होता. आईवडील जिवंत असेपर्यंत त्याचा देह सापडला नाही. जानेवारी १९३६ मध्ये किपलिंग गेले. स्वतःच्या लहानपणी मोठ्यांनी न विचारता घेतलेला निर्णय ज्याने भोगला, त्याने बाप झाल्यावर मुलाच्या अधू डोळ्यांपेक्षा देशाभिमान मोठा मानला. जॉनलाही जायचं होतं म्हणे. पण अडवणं बापाच्या हातात होतं.

आमच्या कोकणात आईवडील मुंबईला आणि पोर गावी आजीकडे किंवा काकांकडे, हे घरोघरी आहे. बहुतेक ठिकाणी मुलं मायेने वाढतात, आजीची तर दुधावरची सायच ती. पण कामानिमित्त शाळांमध्ये जाते, तेव्हा एखादं गप्प पोर दिसतंच. फोनवर आपण विचारतो, जेवलास का, मार्क किती पडले. त्याच्यापुढे जाऊन विचारायला हवं. तुला कुणाची भीती वाटते का, फळ्यावरचं नीट दिसतं का, रात्री झोप लागते का. आणि हे एकदा विचारून भागत नाही, मुलं पहिल्या खेपेला सांगत नाहीत.