विल्यम बारेंट्स : बर्फातला नावाडी आणि पाखरांचा समुद्र



आपल्या माळव्यात समुद्र नाही. आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो, तेव्हा बारेंट्स समुद्राचे नाव केवळ नकाशा भरण्यापुरते पाठ केले होते. त्या नावामागे एक माणूस होता, हे फार उशिरा कळले. या अंकात त्याचीच ओळख करून देत आहोत.

विल्यम बारेंट्स यांचा जन्म सुमारे १५५० साली हॉलंडमधील टर्शेलिंग या बेटावर झाला. ते कुशल नावाडी आणि नकाशाकार होते. उत्तरेकडून चीनला जाणारा जलमार्ग शोधण्यासाठी त्यांनी १५९४, १५९५ आणि १५९६ अशा तीन सफरी केल्या. जून १५९६ मध्ये त्यांच्या जहाजांना एक ओसाड बेट दिसले. तेथे एका पांढऱ्या अस्वलाशी झुंज झाली, म्हणून त्याचे नाव पडले अस्वल बेट. काही दिवसांनी स्पिट्सबर्गनचा किनारा लागला.

तेथे एक मोठी गंमत झाली. हॉलंडच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रानहंसांचे थवे येत, पण ते अंडी कोठे घालतात हे कोणालाच ठाऊक नव्हते. हे पक्षी झाडाला फळांसारखे लागतात, असेही काही लोक मानत. बारेंट्स यांच्या सोबत्यांनी ते हंस घरट्यात अंड्यांवर बसलेले प्रत्यक्ष पाहिले आणि ती जुनी समजूत खोटी ठरली. मुलांनो, डोळ्यांनी पाहिलेल्या एका गोष्टीचे मोल किती असते पाहा!

पुढे नोवाया झेम्ल्याच्या किनाऱ्यावर जहाज बर्फात अडकले. वाहून आलेली लाकडे व जहाजाच्या फळ्या वापरून त्यांनी घर बांधले आणि ध्रुवीय रात्रीचा हिवाळा त्यात काढला. जून १५९७ मध्ये ते दोन उघड्या होड्यांतून परत निघाले. आजारी बारेंट्स यांनी २० जून १५९७ रोजी वाटेतच प्राण सोडला. सोबत्यांनी वाटेत पक्षी व अंडी खाऊन भूक भागवली. अखेर १२ जण नोव्हेंबरमध्ये ॲमस्टरडॅमला पोहोचले. चीनचा मार्ग सापडला नाही, पण त्या समुद्राला पुढे बारेंट्स यांचे नाव मिळाले.

आज त्या किनाऱ्यांवरील उंच कड्यांवर लाखो समुद्रपक्षी वीण करतात. त्यांपैकी गिलेमॉट हा पक्षी घरटे बांधत नाही. उघड्या खडकावर वर्षाला एकच अंडे घालतो. त्यामुळे एकदा संख्या घटली की भरून यायला अनेक वर्षे लागतात. १९८६-८७ च्या सुमारास मासेमारी व निसर्गातील चढउतार यांमुळे समुद्रातील केपेलिन हा छोटा मासा जवळपास संपला. अन्न न मिळाल्याने अस्वल बेटावरील गिलेमॉटपैकी दहातील आठांहून अधिक नाहीसे झाले. २००९ साली एक मालवाहू जहाज त्याच कड्यांखाली खडकावर आदळले. तेल पिसांना लागले की पक्षी भिजतो आणि थंडीने मरतो, म्हणून सर्वांना धास्ती वाटली. दूरच्या कारखान्यांतील विषारी रसायनेही वारा आणि प्रवाहांबरोबर तेथवर पोहोचून तेथील गल पक्ष्यांच्या शरीरात साठतात. समुद्रही तापत आहे.

उपायही झाले आहेत. नॉर्वेने १९७३ साली स्वालबार्डमध्ये १५ पक्षी अभयारण्ये केली, २००२ साली अस्वल बेटाला संरक्षण दिले. रशियाने २००९ साली नोवाया झेम्ल्याच्या उत्तर भागात राष्ट्रीय उद्यान स्थापले. पण सीमा आखली म्हणजे काम संपत नाही. पक्षी सीमेच्या आत घर करतो आणि अन्नासाठी बाहेर दूरवर जातो. त्याचे मासे राहिले नाहीत तर कडा सुरक्षित असूनही पिल्लू उपाशी मरते.

बारेंट्स यांच्या सोबत्यांनी अंडी घेतली, कारण ते उपासमारीत होते. आपल्यावर तशी वेळ नाही. म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच, की या सुट्टीत घराजवळचे एक घरटे शोधा, दुरून पाहा, वहीत नोंद करा आणि हात मात्र लावू नका. वह्या शाळा उघडल्यावर आम्ही आवर्जून पाहू.