विमानविद्येचे उपासक : सॅम्युअल लँग्ले

खेळण्यांतील लहानसें विमान तयार करावयाचें म्हटलें कीं पहिला प्रश्न उभा राहतो तो एंजिनाचा. एंजिन जड झालें तर विमान उठत नाहीं. हलकें घ्यावें तर त्यांत पुरेसा जोर नसतो. आज तयार एंजिन दुकानांत मिळतें. परंतु ह्याच एका प्रश्नापायीं एका थोर शास्त्रज्ञानें आपल्या उतारवयाचीं कित्येक वर्षें वेंचलीं. त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचण्यासारखें आहे.

सॅम्युअल पीअरपाँट लँग्ले यांचा जन्म २२ ऑगस्ट १८३४ रोजीं अमेरिकेंत बोस्टनजवळील रॉक्सबरी येथें झाला. हायस्कुलाचें शिक्षण संपल्यावर ते कॉलेजांत गेले नाहींत. जें ज्ञान मिळविलें तें स्वतःच्या परिश्रमानें. भावाच्या साहाय्यानें त्यांनीं घरींच दुर्बीण तयार केली. ह्या नादांतूनच ते ज्योतिषशास्त्राकडे वळले व १८६७ सालीं पिट्सबर्गजवळील ॲलेगनी वेधशाळेचे प्रमुख झाले. सूर्याची अत्यंत सूक्ष्म उष्णता मोजणारें एक यंत्र शोधून काढल्यामुळें त्यांची कीर्ति सर्वत्र पसरली. १८८७ सालीं वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेचे ते मुख्य चिटणीस झाले.

ह्या सुमारास पन्नाशी उलटलेल्या ह्या गृहस्थांस उड्डाणाचा ध्यास लागला. प्रथम त्यांनीं पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर चालणारीं लहान विमानें केलीं. पण रबराचा पीळ कांहीं क्षणांतच संपे. मग दुसरी कोणती शक्ति घ्यावी? दाबलेली हवा घ्यावी तर ती सांठविण्यास मजबूत व जड टांकी हवी. विजेच्या बॅटऱ्या तर त्याहून जड. कार्बॉनिक ॲसिड वायूचाही त्यांनीं विचार केला. पेट्रोलचें एंजिन त्या काळीं बाल्यावस्थेंत होतें. अखेर त्यांनीं वाफेचें एंजिन पसंत केलें. पहिलीं यंत्रें जड किंवा दुबळीं ठरून टाकून द्यावीं लागलीं. परंतु लँग्ले यांनीं धीर सोडला नाहीं. प्रत्येक भाग तोलून पाहावा, जेथें रतिभर वजन वांचेल तेथें वांचवावें, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षें चालला.

६ मे १८९६ हा दिवस त्या श्रमांचें फळ घेऊन आला. पोटोमॅक नदींत उभ्या केलेल्या एका नौकेच्या छपरावरून त्यांचें पांचव्या क्रमांकाचें विमान सोडण्यांत आलें. त्याचें वजन सुमारें २५ पौंड व एंजिनाची शक्ति सुमारें एक अश्वशक्ति होती. त्यांत मनुष्य नव्हता. तें सुमारें ३३०० फूट उडालें व वाफ संपतांच अलगद पाण्यावर उतरलें. त्याच दिवशीं तें पुन्हां उडविलें. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं स्वतः उभें राहून त्याचें छायाचित्र घेतलें.

लँग्ले येथेंच थांबते तर त्यांची कीर्ति निष्कलंक राहती. परंतु १८९८ सालीं सरकारनें मनुष्य वाहून नेणाऱ्या विमानासाठीं ५०,००० डॉलर दिले. त्यांचे साहाय्यक चार्ल्स मॅन्ली यांनीं ५२ अश्वशक्तीचें पांच सिलिंडरांचें अप्रतिम पेट्रोल एंजिन सिद्ध केलें. विमानाचा आकार मात्र जुन्या नमुन्याचाच, चौपट वाढविलेला होता. आकार दुप्पट केला तर पंखांचें क्षेत्र चौपट होतें, पण वजन आठपट वाढूं पाहतें. म्हणून लहान नमुन्यास पुरणारा सांगाडा मोठ्या यंत्रास पुरेलच असें नसतें. शिवाय विमान हांकण्याचा सराव मॅन्ली यांस मुळींच नव्हता. ७ ऑक्टोबर व ८ डिसेंबर १९०३ रोजीं तें विमान सुटतांच नदींत कोसळलें. मॅन्ली दोन्ही वेळां बचावले. दोष उडविण्याच्या साधनाचा, असें लँग्ले यांचें मत होतें. सांगाडाच दुबळा होता, असें इतर कित्येक म्हणतात.

वर्तमानपत्रांनीं वृद्ध शास्त्रज्ञाची निर्दय थट्टा केली. त्यानंतर नऊच दिवसांनीं, १७ डिसेंबरला, राइट बंधूंनीं सुमारें १२ अश्वशक्तीच्या साध्या एंजिनानें उड्डाण केलें. त्यांनीं अगोदर एंजिनाशिवाय हवेवर तरंगून तोल सांभाळण्याची विद्या शिकून घेतली होती, हें त्यांच्या यशाचें मर्म होय. तरी त्याच बंधूंनीं १८९९ सालीं उड्डाणविषयक माहिती लँग्ले यांच्याच संस्थेकडून मागविली होती, हें विसरतां कामा नये.

२७ फेब्रुवारी १९०६ रोजीं लँग्ले निवर्तले. पुढें अमेरिकेच्या आरमारानें आपल्या पहिल्या विमानवाहू जहाजास त्यांचें नांव देऊन त्यांच्या श्रमांचा गौरव केला.

विद्यार्थी मित्रहो, वजन व शक्ति यांचा मेळ घालतांना लँग्ले यांची चिकाटी अंगीं बाणवा. पण जोरदार एंजिन मिळालें म्हणजे सर्व झालें असें मानूं नका. शक्तीइतकेंच तिला आवरण्याचें ज्ञान हवें; विमानाविषयीं जें खरें, तें मनुष्याच्या जीवनाविषयींही खरें आहे.